त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्याचा खालून पूर्ण उंचीचा फोटो कसा काढावा?

वाइड लेन्स वर रोखली की धार निमुळती होऊन बुटकी दिसते. त्यापेक्षा शक्य तितकं मागे सरकून कॅमेरा आडवा धरा आणि खालून वर ३-४ फ्रेम घेऊन जोडा. प्रत्येकीत तिसरा हिस्सा सामाईक हवा. फोकस, एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) मॅन्युअल ठेवा, म्हणजे सगळ्या फ्रेम सारख्या येतात.

आयएसओ १००, एफ/८, शटर पाव ते अर्धा सेकंद. उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा. ट्रायपॉड वाहत्या पाण्यात नको, थरथरीने फ्रेम हलते. खरा शत्रू तुषार: लेन्स झाकून ठेवा, पुसा, लगेच क्लिक करा. कोरडी फडकी ३-४ तरी न्याच.

ओढ्याचं पाणी गढूळ झालं किंवा चढू लागलं, तर फोटो सोडून तत्काळ वर निघा; परतताना तोच ओढा ओलांडायचा असतो.