गडचिरोली जिल्हा इतका मोठा असून लोकसंख्या इतकी कमी का?

मुख्य कारण जंगल. जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौ. किमी आणि त्याचा बहुतांश भाग वनाखाली, त्यामुळे शेतीला आणि वस्तीला मोकळी जमीन थोडीच उरते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०.७३ लाखांच्या आसपास होती, म्हणजे चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं. राज्याची सरासरी तेव्हा ३६५ होती.

पण ही ७४ ची सरासरी फसवी आहे. उत्तरेकडे वैनगंगेच्या काठी देसाईगंज, आरमोरी, चामोर्शी हा भातशेतीचा, त्यातल्या त्यात दाट वस्तीचा पट्टा. देसाईगंजला (वडसा) रेल्वेही आहे. दक्षिण-पूर्वेला एटापल्ली, भामरागडकडे डोंगर, घनदाट रान आणि दूरदूर विखुरलेले पाडे. पावसाळ्यात नद्यानाल्यांना पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि सरासरीच्या आकड्यात ही गोष्ट कधीच दिसत नाही.

अनुसूचित जमातींचं प्रमाण साधारण ३९ टक्के. गोंड, माडिया, परधान हे प्रमुख समाज. भाषा मात्र मराठी, गोंडी आणि माडियापुरत्या थांबत नाहीत. प्राणहिता-गोदावरीकाठच्या सिरोंच्यात तेलुगू सर्रास ऐकू येते, मुलचेरा-चामोर्शीत बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत आणि छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी बोलतात.

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा होऊनही सिरोंचा ते जिल्हा मुख्यालय हे अंतर आजही दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. माझ्या मते इथे लोकसंख्येपेक्षा अंतराचा प्रश्न मोठा आहे.