जुनी गाडी मोडायची अट

प्रश्न : ताई, माझी २०११ची दहाचाकी आहे. पिंपळगावहून कांदा वाशीला नेतो, सीझनला बेंगळुरू आणि कोलकाताही होतं. एक एजंट म्हणतो, इलेक्ट्रिक ट्रकवर सरकार साडेनऊ लाख देतंय, जुनी गाडी मोडायचीही गरज नाही, ते मी बघतो, फक्त फाईल करायला पंचवीस हजार द्या. देऊ का?
— एक ट्रकमालक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, एक रुपयासुद्धा देऊ नका.

योजना खरी आहे. पीएम ई-ड्राइव्ह ही केंद्राची योजना १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाली. एकूण रक्कम १०,९०० कोटी, त्यातले ५०० कोटी ट्रकांसाठी. ट्रकांचे नियम जुलै २०२५मध्ये आले आणि मुदत आता मार्च २०२८पर्यंत आहे. साडेतीन टनांच्या वरची, ५५ टनांपर्यंतची गाडी चालते. बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) ५ हजार रुपये किंवा गाडीच्या एक्स-फॅक्टरी, म्हणजे कारखान्यातून निघतानाच्या किमतीच्या १० टक्के, यांत जे कमी असेल ते मिळतं. मोठ्यात मोठी रक्कम ९ लाख ६० हजार. पण ती तुमच्या खात्यावर येत नाही. डीलर बिलातच तेवढी किंमत कमी करतो आणि कंपनी मागाहून सरकारकडून वसूल करते. मग एजंटने करायची फाईल राहिली कुठे?

आडगाव नाक्यावरच्या आमच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं गाड्यांचे हिशेब लिहिते आहे. २०१७ साली कर्जावर सूट मिळवून देतो म्हणून एकाने आमच्याकडून अठरा हजार नेले. त्या वर्षीच्या वहीत ती रक्कम अजून 'येणे' म्हणून उभी आहे. म्हणून एवढ्या कळकळीने सांगते.

आता गाडी मोडायच्या अटीबद्दल. एजंट काहीही म्हणो, ती टाळता येत नाही. जुना डिझेल ट्रक सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गेला पाहिजे आणि तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडायला जमा केल्याचा दाखला, आला पाहिजे, तरच अनुदान. या अटीवर नाक्यावर मी बरीच कुरकुर ऐकते. मला मात्र सगळ्या योजनेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. का, ते सांगते.

२०१६मध्ये आम्ही आमची जुनी गाडी विकली. इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं, मिस्त्री म्हणाला रिंगा गेल्या. भंगारात सत्तर-ऐंशी हजार येत होते आणि गिऱ्हाईक दोन लाख पाच हजार देत होतं. दिली. दोन वर्षांनी सिन्नरकडे एका लग्नाला जाताना रस्त्याकडेच्या खडी क्रशरवर ती उभी दिसली. डाव्या दरवाजाला चांदवडला पडलेला पोचा तसाच होता, मागच्या फळीवर सासऱ्यांनी रंगवून घेतलेलं कमळ अर्धं पुसलेलं. ड्रायव्हरने रेस दिली आणि सायलेन्सरमधून काळा लोट निघाला. मी मागेच उभी होते. घरी येऊन पाहते तो पदरावर बारीक काळे ठिपके, धुतल्यावरही न गेलेले. क्रशरवरच्या बायका तो धूर रोज खात होत्या. आमच्या अंगणातली घाण आम्ही दोन लाखांना त्यांच्या अंगणात नेऊन टाकली होती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

हेच ओळखून अमेरिकेत केंद्र सरकार जुन्या डिझेल गाड्या बदलायला अनुदान देतं, तेव्हा नियम असा असतो की जुन्या इंजिनच्या ब्लॉकला तीन इंची भोक पाडायचं आणि चासीचे दोन तुकडे करायचे. ते इंजिन पुन्हा कुठल्या गावात सुरूच होता कामा नये. आपल्याकडे ते काम स्क्रॅपिंग केंद्र करतं.

आता तुमच्या धंद्याचं बघू. वाशीची फेरी जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या घरात. लिटरला चार किलोमीटर धरले तर शंभर लिटर डिझेल. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे फेरीला २६८ किलो. (डिझेलपेक्षा धुराचं वजन जास्त कसं, असं मुलगा विचारायचा. जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो, म्हणून.) या रस्त्याला इलेक्ट्रिक गाडी खरं तर शोभेल. माल भरलेली गाडी कसारा घाट उतरते. आज तिथे ब्रेकचे लायनर तापल्याचा वास येतो. इलेक्ट्रिक गाडीत उतरतीची बरीचशी ताकद मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत परत भरते. चढताना गाडी बहुतेक वेळा रिकामी किंवा अर्धी. निसर्गाने इतका सोयीचा रस्ता फार थोड्यांना दिलाय.

पण तुमची गाडी वर्षभर वाशीला जात नाही. कोलकात्याच्या भाड्याला वाटेत चार्जर शोधत बसाल तर कांदा सडेल. आणि एवढ्या वजनाची इलेक्ट्रिक गाडी कोटीच्या आसपास जाते. साडेनऊ लाख वजा करूनही हप्ता तुमच्या एका गाडीच्या कमाईला पेलणार नाही. रोज ठरलेल्या दोन टोकांमध्ये पळणाऱ्या, स्वतःच्या आवारात चार्जर बसवू शकणाऱ्या मोठ्या ट्रान्सपोर्टला ही योजना जमेल. माझं स्पष्ट मत आहे, एक गाडीवाल्या मालकाला अनुदानापेक्षा कमी व्याजाचं कर्ज हवं, आणि ते नाही म्हणून तो या योजनेच्या दाराबाहेर उभा आहे. सरकारने हे मनावर घ्यावं.

तुम्ही एवढं करा. २०११ची गाडी पुढच्या फिटनेसला पैसे ओतून पास करून घेण्याऐवजी मान्य केंद्रात मोडा, सर्टिफिकेट हातात घ्या. नवी गाडी घेताना त्यावर वाहनकरात सूट असते, केंद्राच्या नियमात मालवाहू गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. नवी झेपत नसेल तर एप्रिल २०२०नंतरची, बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांत बसणारी, चांगल्या हाताची गाडी बघा. तुमच्या आत्ताच्या गाडीच्या धुरापुढे तिचा धूर नावालाच. इलेक्ट्रिक घ्यायची ठरलीच तर बिलावर अनुदानाचा आकडा वेगळा दाखवलाय ना, आणि बॅटरीची ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटरची वॉरंटी लिहून मिळते ना, हे दोन कागद बघितल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : आमच्या शाळेच्या भिंतीला लागून रात्री-पहाटे ट्रक उभे असतात, इंजिनं चालू ठेवून. सकाळी बाकांवर काजळी असते. आमच्या कराचे पैसे ट्रकमालकांना का द्यायचे? त्यांना दंड करावा.
— एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : बाई, राग समजतो. बाकावरून बोट फिरवून ती काजळी मीही पाहिली आहे. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२मध्येच जाहीर केलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणाऱ्याला दंड जरूर व्हावा.

पण दंडाने ट्रक नवा होत नाही. देशातल्या गाड्यांत डिझेल ट्रक ३ टक्केच, पण वाहतुकीतल्या हरितगृह वायूंपैकी ४२ टक्के त्यांचे, असं केंद्रीय मंत्रालयच सांगतं. म्हणजे थोड्या गाड्या बदलल्या तरी फरक मोठा. त्या बदलायची ऐपत मालकात नाही आणि धूर मात्र तुमच्या मुलांच्या छातीत जातो. कॅलिफोर्नियात १९९८पासून असाच विचार करून जुन्या डिझेल इंजिनांसाठी सरकारी पैसा देतात. तो पैसा मालकावरची मेहरबानी नाही, त्यातून मुलांसाठी हवा विकत घेतली जाते.

आपलं नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आहे. शाळेच्या लेटरहेडवर महापालिकेला लिहा: रात्रीचं पार्किंग आडगावच्या ट्रक टर्मिनसला हलवा, आणि तिथे ड्रायव्हरला पंखा, पाणी, झोपायला जागा द्या. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवतो तो बहुतेक वेळा केबिनमधल्या उकाड्याने आणि डासांनी. पत्रावर पालकांच्या सह्या घ्या. खाली माझीही सही करीन.

प्रश्न : बीएस-सिक्स गाडीत अ‍ॅडब्लूचा दिवा सारखा लागतो. गॅरेजवाला म्हणतो, छोटा डबा बसवून सिस्टीमच बंद करू. करू का?
— एक चालक, अंबड

उत्तर : नाही. अ‍ॅडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी. ते धुरात फवारलं की विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी होतं. गॅरेजवाल्याचा डबा गाडीच्या कॉम्प्युटरला सगळं ठीक असल्याचं खोटं सांगतो, तो बसवला की तुमची गाडी त्या बाबतीत जुन्या गाडीसारखीच झाली. आधी फवाऱ्याच्या नोझलभोवती पांढरे, मिठासारखे खडे जमलेत का बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं, आणि ते कोमट स्वच्छ पाण्याने विरघळतात. तरी दिवा राहिला तर सेन्सर तपासून घ्या. आणि अ‍ॅडब्लूचा कॅन ताडपत्रीवर उन्हात ठेवू नका, तापून खराब होतं. सीटमागे सावलीत ठेवा.