उत्तर: आईला स्टेंट बसवलाय, डॉक्टर नीट सांगत नाहीत, डॉक्टर बदलू का?

देवगडहून आईला कोल्हापूरला नेलंत, स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला, आणि काही विचारलं की "फाईलमध्ये लिहिलंय" एवढंच ऐकू येतं. बाबांच्या वेळी आमचं अगदी हेच झालं, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधांचं तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारा.

बाबांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा काउंटरवरून गोळ्यांची पिशवी आणि इंग्रजी कार्ड हातात आलं. गोळ्या पंधरवड्याच्या. कार्डावर क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिनसमोर फक्त 'कंटिन्यू'. किती महिने, कशासाठी, हे कुणी तोंडाने सांगितलं नाही. राउंडला मोठे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी ज्युनिअरशी इंग्रजीत बोलायचे आणि "बरं वाटतंय ना काका?" म्हणून पुढे जायचे. बाबा "होय, होय" म्हणायचे. आपली जुनी माणसं डॉक्टरांचा मान ठेवायला होय म्हणतात, समजलं म्हणून नव्हे. गोळ्या संपल्या, छातीत दुखत नव्हतं, बाबांना वाटलं कोर्स पुरा झाला. नव्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून या दोन गोळ्या असतात आणि ॲटॅकनंतर सहसा वर्षभर तरी दोन्ही घ्यायला सांगतात, हे आम्हाला कळलं दुसरा ॲटॅक आल्यावर. एका वाक्याचं काम होतं हो! अजून आठवलं की संताप होतो.

पुढच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाईंनी बाबांनाच विचारलं, "घरी गेल्यावर कुठली गोळी कधी घेणार, सांगा बघू." बाबा सांगायला लागले, "सकाळची ती ल्हान गुलाबी, जेवल्यार..." जिथे चुकले तिथे बाईंनी थांबवून परत सांगितलं. दोन-तीन मिनिटं लागली असतील. एमबीबीएसला संवादाचं रीतसर शिक्षण, ज्याला ॲटकॉम म्हणतात, ते २०१९ पासून आलं. आधीच्या डॉक्टरांनी हे सीनिअरचं बघूनच उचललं, हे मान्य. ओपीडीतली गर्दीही मान्य. पण "ही गोळी मनाने बंद करू नका" एवढं सांगायला वेळ नव्हता, हे मला पटत नाही.

हाताला गुण असेल तर डॉक्टर बदलू नका, असं माझं मत. ओपीडी संपत आली की आईला घेऊन एकट्याच जा. चार नातेवाईक दिसले की डॉक्टर आधीच वैतागतात. गोळ्या किती महिने, डोस चुकला तर काय, दात काढायची वेळ आली तर कुणाला विचारायचं, एवढंच विचारा. मग आईला त्यांच्यासमोरच ते परत सांगायला लावा. डॉक्टरांना आवडलं नाही तरी चालेल.

कागदपत्रं द्यायला टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज करून पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागतात. फाईलची एक प्रत गावच्या डॉक्टरांकडे ठेवा. आणि पावसाळ्यात घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही, तेव्हा मे महिन्यातच जास्तीच्या गोळ्या लिहून घ्या.