लीन : फरसाणाच्या पुडीपासून रुग्णालयाच्या कपाटापर्यंत

प्रश्न : आमचा फरसाणाचा कारखाना आहे. एकाच पाऊच मशीनवर शेव, पापडी, चिवडा भरतो. २०० ग्रॅमवरून ५० ग्रॅमवर जायला दीड तास मशीन बंद राहतं, म्हणून एकदा लावलं की चार दिवसांचा माल काढून ठेवतो. लीनच्या, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याच्या पद्धतीच्या, प्रशिक्षणात उदाहरणं सगळी मोटारींची. आम्हाला त्यातलं काय लागू पडेल?

उत्तर : साचे बदलण्याचं तंत्र जसंच्या तसं. टोयोटात १००० टनी प्रेसचा साचा बदलायला ४ तास लागत. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीने ते काम आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आलं.

आधी एका बदलाचं मोबाइलवर चित्रीकरण करा. फिल्मचा रोल शोधणं, पाने (स्पॅनर) आणणं, तारखेचे अंक जुळवणं ही कामं मशीन चालू असतानाच उरकता येतात. पुढचा रोल, ५० ग्रॅमचा फॉर्मर (फिल्मला पुडीचा आकार देणारा भाग) आणि पाने एका ट्रॉलीवर आधीच लावून ठेवा. बोल्ट पंधरा आटे फिरवला तरी पकड शेवटच्या आट्यालाच बसते. शक्य तिथे झटपट क्लॅम्प लावा.

खरा वेळ खाते ती नंतरची जुळवाजुळव. प्रत्येक पुडीसाठी सीलिंगचं तापमान, पुडीची लांबी, सेन्सरची जागा कार्डावर लिहा आणि मशीनवर खुणा करा. जॉ (पुडी सील करणारे जबडे) पुरते तापण्याआधी मशीन सुरू केलं की पहिल्या पुड्या गळतात. पुडी पाण्यात दाबून बुडबुडे येतात का, तेवढं पाहाच.

सफाईत मात्र कपात नको, शेंगदाण्याची ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते. त्यापेक्षा क्रम लावा : आधी साधी शेव, मग तिखट, शेवटी शेंगदाण्याचा चिवडा. मग पूर्ण धुलाई दिवसातून एकदाच करावी लागते.

वाचलेल्या वेळात जास्त माल काढू नका, छोटे लॉट काढा. नाहीतर गोदाम पुन्हा भरेल आणि फरसाण तिथेच खवट होईल.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात हातमोजे कधी संपतात, कधी मुदत उलटून पडून राहतात. उपाय?

उत्तर : दोन खोकी ठेवा. रोज १२ पाकिटं लागतात आणि माल ५ दिवसांनी येतो, तर ६० अधिक २० टक्के, म्हणजे ७२ पाकिटं दुसऱ्या खोक्यात. पहिलं रिकामं झालं की मागणीचं कार्ड खरेदी विभागाकडे. घाईत दुसरं खोकं उघडलं जातं आणि कार्ड तिथेच राहतं. म्हणून कार्ड दुसऱ्या खोक्याच्या झाकणावर आडवं चिकटवा, ते काढल्याशिवाय खोकं उघडताच येऊ नये. मुदत आधी संपणारा माल पुढे ठेवा. जीवरक्षक औषधांना हा हिशोब लावू नका. त्यांचा किमान साठा डॉक्टरांनीच ठरवावा.