ईसीजी नॉर्मल, तरी धडधड का होते?

रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या, पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया समुपदेशनासाठी येतात तेव्हा अपुरी झोप, चिडचिड आणि अंगातून उसळणारी उष्णता यांविषयी मोकळेपणाने बोलतात. छातीतल्या धडधडीचा विषय मात्र बहुधा भेट संपत आल्यावर निघतो. हृदयाला काही झाले असेल ही भीती असतेच, पण ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे आणखी कुणाकडून ऐकावे लागेल, ही धास्तीही तितकीच असते.

वसुधाताईंनी (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) या दोन्ही गोष्टी अनुभवल्या होत्या. वय 49, पाळी कधी तीन आठवड्यांनी तर कधी दोन महिन्यांनी, आणि आली की अंगावरून बरेच जाणारी. मध्यरात्री अंग तापून जाग यायची, पाठोपाठ छाती धडधडू लागायची आणि मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखे वाटायचे. त्यांनी सोबत एक वही आणली होती. तिच्यात वेळ आणि नाडीचे आकडे एवढेच होते: 2.10 – 96, 2.14 – 104, 2.17 – 110. बोलतानाही त्यांची दोन बोटे डाव्या मनगटावर होती. “ईसीजी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, असं सांगितलं मला. सगळं नॉर्मल असेल तर मग मला होतंय ते काय?” हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता.

त्याचे उत्तर देण्याआधी मी त्यांची फाईल पाहिली. ईसीजी काढला तेव्हा धडधड होत नव्हती, म्हणजे त्या कागदावर फक्त त्या काही क्षणांची नोंद होती. अंगावरून इतके जात असूनही हिमोग्लोबिन अलीकडे तपासलेले नव्हते आणि थायरॉईडची तपासणीही झालेली नव्हती. रक्त कमी असले किंवा थायरॉईड ग्रंथी जास्त काम करत असली, तरी अशीच धडधड होते. सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचे काही पंप आणि थायरॉईडच्या गोळीचा जास्त झालेला डोसही तिला कारणीभूत ठरू शकतो. म्हणून मी त्यांना आधी पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले. माझे याबाबतचे मत ठाम आहे: शारीरिक कारणे तपासून होईपर्यंत समुपदेशकाने धडधडीवर ‘चिंता’ असा शिक्का मारू नये.

तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. अतिरक्तस्रावासाठी डॉक्टरांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. थायरॉईड ठीक होते. 24 तास छातीला लावून ठेवलेल्या होल्टर यंत्राच्या नोंदीत अधूनमधून वेळेआधी पडणारे मोजके ठोके दिसले आणि ते काळजीचे नाहीत असा हृदयरोगतज्ज्ञांनी निर्वाळा दिला. असा ठोका लवकर पडला की पुढे क्षणभर थांबा येतो आणि त्यानंतरचा ठोका नेहमीपेक्षा जोरात जाणवतो. ‘काळीज थांबल्यासारखं’ वाटते ते त्या थांब्यात. निरोगी हृदयातही असे ठोके पडतात. रात्रीच्या शांततेत, विशेषतः डाव्या कुशीवर झोपल्यावर, ते अधिक जाणवतात इतकेच.

मग रजोनिवृत्तीचा संबंध कुठे येतो? सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. बहुतेकींच्या बाबतीत ते 45 ते 55 या वयात घडते, पण त्याआधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची (हार्मोनची) पातळी सरळ उतरत न जाता वरखाली होत राहते. या चढउतारांचा परिणाम शरीराचे तापमान आणि हृदयाची गती सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेवर होतो. उष्णतेची लाट येते तेव्हा त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो आणि हृदयाचे ठोकेही वाढतात. म्हणजे धडधड खरी असते. वसुधाताईंचे पती रात्री “काही झालेलं नाही, झोप” असे म्हणत, ते धीर देण्यासाठीच. पण वसुधाताईंना मात्र त्यातून आपल्यावर विश्वास नसल्याचेच ऐकू येई.

आमचे खरे काम त्यानंतरच्या काही मिनिटांशी होते. ‘हा अटॅक तर नाही?’ हा विचार येताच ॲड्रेनलिन वाढते, त्याने ठोके आणखी वाढतात, आणि वाढलेल्या ठोक्यांनी त्या विचाराला जणू पुरावाच मिळतो. वहीतले चढते आकडे हेच दाखवत होते. शरीराने सुरू केलेली लाट बहुधा काही मिनिटांत ओसरली असती. दर तीन-चार मिनिटांनी नाडी मोजण्याने ती लांबत होती. मनगटावरची स्मार्ट घड्याळे वापरणाऱ्या अनेकींचे हेच होते.

म्हणून वही राहिली, आकडे गेले. त्याऐवजी त्या लिहू लागल्या: आधी काय झाले, मनात पहिला विचार कोणता आला, ओसरल्यावर काय केले. बहुतेक वेळा आधी उष्णतेची लाट होती. काही वेळा संध्याकाळी उशिरा घेतलेली कॉफी किंवा आदल्या रात्रीचे जागरण. जाग आली की पांघरूण बाजूला करायचे, कूस बदलायची आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतक्या संथपणे. नाडी मोजायची नाही, हे त्यांना सर्वांत जड गेले. डॉक्टरांची परवानगी घेऊन आम्ही जिनाही चढलो. वर पोहोचल्यावर छाती धडधडत असताना काहीही न करता उभे राहायचे आणि ती आपोआप शांत होते का ते पाहायचे. पहिल्यांदा त्यांचा हात मनगटाकडे गेलाच; पुढे जाईनासा झाला.

यात एक धोका असतो, तोही सांगायला हवा. धडधडीची सवय झाली म्हणून प्रत्येक धडधड सोडून द्यायची नसते. छातीत दुखणे किंवा दडपण, धाप लागणे, भोवळ अथवा शुद्ध हरपणे, जबडा, पाठ किंवा हाताकडे जाणारी वेदना यांपैकी काही सोबत असेल तर थेट तातडीचे उपचार घ्यावेत. श्रम करताना सुरू होणारी, खूप वेळ न थांबणारी किंवा सतत अनियमित वाटणारी धडधड, आणि घराण्यात कमी वयात अचानक मृत्यू झाल्याचा इतिहास, यांसाठीही लवकर डॉक्टरांना भेटावे. रजोनिवृत्तीनंतर हृदयविकाराचा धोका वाढतो, त्यामुळे रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी टाळू नये.

पुढच्या भेटींत वसुधाताईंनी हार्मोन उपचारांविषयी विचारले. उष्णतेच्या लाटा कमी करण्यासाठी ते प्रभावी असतात आणि लाटांबरोबर येणारी धडधडही त्यामुळे कमी होऊ शकते. पण स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर ते सहसा देत नाहीत, म्हणून हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबरच घ्यायचा असतो. त्यांनी तूर्त नको असे ठरवले. हिमोग्लोबिन वाढल्यावर जिना चढताना लागणारा दम गेला होता. रात्रीची धडधड अजून अधूनमधून येते, फक्त तिच्यापायी आता तासभर जागावे लागत नाही. लाटा पुन्हा वाढून झोप मोडू लागली तर हा विषय पुन्हा काढायचा, असे त्यांचे आणि डॉक्टरांचे ठरले आहे.