कुत्र्याचं नवीन पिल्लू रात्री क्रेटमध्ये (त्याला झोपायला असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवलं की रडत राहतं. त्याला शांत झोप लागावी म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू 8 आठवड्यांचं आहे, क्रेट हॉलमध्ये आहे, दार लावून तुम्ही झोपायला गेलात की ते रडायला लागतं, आणि घरचे म्हणतात, "रडू दे, दमलं की होईल गप्प."

पहिलं काम आज रात्रीच करा. क्रेट हॉलमधून उचलून तुमच्या पलंगाला लागून ठेवा. माझ्या घरी जी पिल्लं क्रेटमध्ये झोपायला शिकली, त्यांच्यासाठी या एका बदलाने जेवढं काम झालं तेवढं दुसऱ्या कशानेच झालं नाही. इतक्या लहान पिल्लाला बहुतेक वेळा भीती क्रेटची नसते, एकटं पडण्याची असते. आत्ताआत्तापर्यंत ते आईच्या कुशीत, भावंडांच्या अंगावर लोळून झोपत होतं. या वयात मागे राहिलेलं पिल्लू आईला हाक मारतं, आणि तुम्हाला ऐकू येतंय ते हेच. त्यात हट्ट नाही. म्हणून "रडू दे" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. दमून गप्प झालेलं पिल्लू शांत झालेलं असतंच असं नाही, आणि क्रेटबद्दलची धास्ती मात्र मनात घर करून बसते.

क्रेट इतका जवळ हवा की पडल्या पडल्या हात खाली सोडला तरी बोटं जाळीला लागतील. पिल्लू कुईकुई करायला लागलं की बोटं तिथे नेऊन ठेवा आणि काही बोलू नका. ते आधी हुंगेल, चाटेल, दुधाच्या दातांनी जरा चावूनही बघेल. मग जाळीला नाक टेकवून पडेल आणि एक लांब सुस्कारा टाकेल. त्या सुस्काऱ्यानंतर सहसा झोपच लागते. हात मात्र लगेच काढून घेऊ नका.

आता रडण्या-रडण्यातला फरक. आत गेल्यावर थोडा वेळ बारीक आवाजात चाललेली, थांबत-थांबत येणारी कुरकुर ही झोपेआधीची असते. तिला तुमची सोबत पुरते. दोन-तीन तास गाढ झोपून पिल्लू अचानक उठलं, गोल फिरू लागलं, कोपरे हुंगत कुणकुणायला लागलं, तर त्याला शू लागलीय, उशीर करू नका. तिसरा प्रकार म्हणजे जोरात केकाटणं, जाळी चावणं, तोंडातून लाळ गळणं. ही घाबरगुंडी आहे. अशा वेळी वाट बघायची नाही, बाहेर काढून शांत करायचं आणि दुसऱ्या दिवशी क्रेटची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यायची.

शूचा ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास पिल्लू कळ काढू शकतं. म्हणजे तुमच्या पिल्लाचे झाले तीन तास, आणि जात अगदी लहान चणीची असेल तर त्याहूनही कमी. रात्रीतून एकदा-दोनदा उठावं लागणारच. मी अलार्म लावून त्याच्या रडण्याआधीच उठतो, म्हणजे रडलं की दार उघडतं असं गणित त्याच्या डोक्यात बसत नाही. दिवा मंद, पट्टा लावून थेट ठरलेल्या जागी, उरकलं की हळू आवाजात शाबासकी, आणि परत आत. खेळ नाही, लाड नाहीत. रात्र कोरडी जायला लागली की अलार्म थोडा-थोडा पुढे सरकवत न्या. बरीच पिल्लं चार महिन्यांच्या आसपास रात्रभर झोपू लागतात, काहींना जास्त वेळ लागतो.

रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी द्या. पाणी दिवसभर समोर असू द्या, फक्त झोपायच्या थोडं आधी भांडं उचला. उन्हाळा असेल तर तेवढंही ताणू नका. शेवटची शू अगदी झोपण्यापूर्वी. आणि झोपवायचं म्हणून उशिरापर्यंत धावडवून दमवू नका. अति दमलेलं पिल्लू झोपत नाही, पिसाळल्यासारखं पळत आणि चावत सुटतं.

खरी तयारी दिवसाच होते. पिल्लं दिवसातले 18 ते 20 तास झोपतात, त्यामुळे सरावाला संधी भरपूर. जेवणाचं भांडं क्रेटमध्येच ठेवा, दार उघडं. अधूनमधून एखादा खाऊ आत टाका आणि त्याचं त्याला जाऊ द्या, ढकलून कधीच नाही. डुलकी लागतेय असं दिसलं की आत ठेवा, दार काही क्षण लावा, तुम्ही शेजारीच बसा, कुरकुर सुरू व्हायच्या आत उघडा. मग वेळ वाढवा. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कोंडलंत, तर ही सगळी मेहनत वाया जाते. घरातल्या प्रत्येकाला हे बजावून सांगा.

क्रेटमध्ये उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल इतकीच जागा हवी. फार मोठा असेल तर पिल्लू एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं, म्हणून मध्ये आडोसा लावा. आईचा वास असलेलं फडकं मिळालं तर आत ठेवा, फार उपयोग होतो, पण ते कुरतडून गिळत नाही ना याकडे लक्ष द्या. गळ्यातला पट्टा आत जाण्याआधी काढा, जाळीत अडकून फास बसू शकतो. वरून चादर टाकलीत तर एक बाजू हवेसाठी मोकळी सोडा.

तासा-तासाला शू होत असेल, जुलाब असतील, किंवा सगळं करूनही क्रेट ओलाच सापडत असेल, तर सवयीला दोष देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जंत असले तर सरावाने काहीच सुधारत नाही.

क्रेट पुन्हा हॉलमध्ये न्यायचा असेल तर सलग बऱ्याच रात्री शांत गेल्यावरच. आधी पलंगापासून थोडा दूर, मग खोलीच्या दाराशी, मग बाहेर. मध्येच रडणं परत सुरू झालं तर एक टप्पा मागे या आणि तिथेच काही रात्री थांबा.