आधी सुई बदला, मग टेन्शनला हात लावा

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची. ब्लाउज, परकर, मुलांचे गणवेश पुष्कळ शिवलेत. यंदा मुलीच्या टी-शर्टसाठी होजिअरीचं कापड आणलं. घरी झिगझॅगवालं मशीन आहे आणि सासूबाईंचं काळं पायमशीनही. दोन्हींवर मधले मधले टाके सुटतात. टी-शर्ट डोक्यातून घालताना गळ्याची शिवण तटकन तुटली, खालच्या दुमडीला लाटा आल्या. कारागिराने मशीनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बदलून दिलं, तरी तेच. हे कापड घरच्या मशीनवर शिवलं जातच नाही का?

उत्तर : शिवलं जातं, आणि छान शिवलं जातं. मशीन बिघडलेलं नाही, तुमचा हातही चुकलेला नाही. तुमच्या गावात मागावर जे कापड विणतात त्यात उभा आणि आडवा धागा एकमेकांना घट्ट धरून असतो. होजिअरीत धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, स्वेटर विणतो तसेच, फक्त फार बारीक. ताण पडला की फासा पसरतो, सोडला की पुन्हा आखडतो. ब्लाउजपीसला चालणारी टोकदार सुई इथे दोन प्रकारे नडते. एक तर ती फाशाचा धागाच छेदते, आणि धुतल्यावर तिथे भोक वाढत जातं. दुसरं, सुई वर येताना हे लवचीक कापड तिला चिकटून थोडं वर उचललं जातं. मग सुईमागे दोऱ्याचा जो फासा तयार व्हायला हवा तो होत नाही, खालचा दोरा अडकवणाऱ्या शटलच्या टोकाला दोरा सापडत नाही आणि टाका सुटतो. टेन्शन कितीही फिरवलं तरी हे सुधारणार नाही.

म्हणून आधी बॉल पॉइंट सुई आणा. तिचं टोक किंचित गोलसर असतं, ती धाग्यांना बाजूला सारून मधून जाते. पातळ टी-शर्टच्या कापडाला ७५/११ नंबरची, जाड स्वेटशर्टच्या कापडाला ९०/१४ नंबरची. कापडात लायक्रा असेल तर पाकिटावर ‘स्ट्रेच’ लिहिलेली सुई घ्या. दुकानात जाताना मशीनमधली जुनी सुई सोबत न्या आणि दांडा ताडून बघा. चपट्या आणि गोल दांड्याच्या सुया एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दोरा पॉलिएस्टरचाच वापरा. बॉबिन भरताना मशीन सावकाश चालवा, कारण ताणून भरलेला दोरा शिवणीत आखडतो आणि चुण्या पडतात.

आता तुटलेल्या गळ्याकडे येऊ. सरळ टाका दोन थरांत लांबीपुरताच दोरा ठेवतो. कापड पसरलं, दोऱ्याला पसरायला जागा नाही, म्हणून तो तुटला. त्याऐवजी झिगझॅग, म्हणजे नागमोडी, टाका घाला; त्याची रुंदी १ मिमीच्या आत-बाहेर आणि लांबी २.५ मिमी ठेवा. दिसायला जवळपास सरळच दिसतो, पण ताणल्यावर उलगडतो. तुकड्यावर शिवून दोन्ही हातांनी जोरात ताणून पाहा. दोरा तुटला तर रुंदी थोडी वाढवा. काळ्या मशीनवर झिगझॅग नाही, तिथे टाका बारीक करा आणि शिवताना कापडाला पुढून-मागून अगदी हलका ताण द्या. सैल टी-शर्टच्या बाजूच्या शिवणी त्यावर निभतात. गळा आणि कंबर मात्र मी त्यावर कधीच शिवायला सांगणार नाही.

गळपट्टी गळ्याच्या घेरापेक्षा कमीच हवी. घेर ५० सेंमी असेल तर रिबची (उभ्या रेघांच्या लवचीक विणीची) पट्टी जोडाची जागा सोडून ४२-४३ सेंमी. पट्टीचे आणि गळ्याचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावा, आणि शिवताना फक्त पट्टी ताणा, गळा नाही. ही एवढी गोष्ट जमली की घरचा टी-शर्ट विकतच्यासारखा बसतो. खांद्याच्या शिवणीत उलट करायचं असतं: तिथे बारीक सुती टेप धरून शिवा, नाहीतर खांदे उतरत जातात.

लाटांचं कारण दाब. वरून मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळची दाबपट्टी, कापड दाबून धरतो, खालचे दात ते पुढे नेतात, आणि या ओढाताणीत कापड ताणलेल्या अवस्थेतच शिवलं जातं. काळ्या मशीनवर या पायाच्या दांड्याच्या डोक्यावर स्क्रू असतो, तो थोडा सैल करा. तुमच्या दुसऱ्या मशीनला तशी सोय नसेल तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर अलगद फाडा. मागून कापड ओढू नका. सुती कापडावर आधीच आलेल्या लाटा वाफेच्या इस्त्रीने बऱ्याच बसतात. इस्त्री फिरवायची नाही, ठेवून उचलायची.

कापड कापण्याआधी धुऊन वाळवा, सुती होजिअरी आटते. कापताना ते टेबलावरून खाली लोंबू देऊ नका, नाहीतर वजनाने ताणून माप चुकतं. ज्या दिशेने कापड जास्त ताणलं जातं ती दिशा अंगाभोवती आडवी यायला हवी.

प्रश्न : जुन्या टी-शर्टांची बाळासाठी झबली शिवायची आहेत. कडांचे धागे सुटू नयेत म्हणून इंटरलॉक करून घ्यावं लागेल का?

उत्तर : गरज नाही. या कापडाची कड मागावरच्या कापडासारखी धागे सोडत नाही, फक्त गुंडाळली जाते. त्यातून एक सोयही होते: आडवी कापलेली कड ताणली की ती सुलट बाजूकडे वळते, म्हणून प्रिंट नसलेल्या टी-शर्टचीही सुलट-उलट ओळखता येते. बाळाच्या झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे त्वचेला टोचत नाहीत. कापड काखेजवळचं घेऊ नका, तिथे ते विरलेलं असतं. पाठीचा भाग सर्वांत चांगला टिकलेला असतो.